इंजिन सोडा, वाघीण पाहा: अमेरिकेतली शॉर्टलाइन मालगाडी नवख्याने कशी समजून घ्यावी

न्यू जर्सीत किंवा पेनसिल्व्हेनियात नव्याने आलेल्या रेल्वेवेड्या मराठी माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘इथे गाड्याच दिसत नाहीत हो!’ गाड्या भरपूर आहेत, पण मालाच्या. मोठ्या कंपनीची दोन मैल लांबीची मालगाडी फाटकावर आडवी आली की दहा मिनिटं नुसते डबे मोजायचे. कुठून आली, कुठे चालली, आत काय आहे, यातलं काहीच कळत नाही. म्हणून सुरुवात शॉर्टलाइनपासून, म्हणजे मोठ्या रेल्वेला जोडलेल्या छोट्या स्थानिक मालवाहू रेल्वेपासून करा. तिथे गाडी छोटी, वेग कमी आणि कामाचा धागा एका दिवसात हाती लागतो.

या लेखात उदाहरण घेतलं आहे पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या ‘रेडिंग, ब्लू माउंटन अँड नॉर्दर्न’चं. लोक तिला ‘रेडिंग अँड नॉर्दर्न’च म्हणतात. (स्पेलिंग बघून ‘रीडिंग’ म्हणालात, तर समोरच्याला लगेच कळतं की पाहुणे बाहेरचे आहेत.) एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांना गाडीने साधारण दोन तासांत गाठता येते. सुमारे 400 मैलांच्या रुळांमुळे उद्योगातले लोक हिला शॉर्टलाइनपेक्षा ‘रिजनल’ म्हणजे प्रादेशिक रेल्वे म्हणतात, पण कामाची पद्धत तीच.

पहिली पायरी: ही रेल्वे आली कुठून, ते आधी वाचा

अमेरिकेत मालवाहतुकीच्या रेल्वे खासगी आहेत आणि वार्षिक उत्पन्नावरून त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात सध्या सहा कंपन्या आहेत: बीएनएसएफ, युनियन पॅसिफिक, नॉरफोक सदर्न, सीएसएक्स, कॅनेडियन नॅशनल आणि सीपीकेसी. त्यांच्याखाली साधारण 600 छोट्या रेल्वे, आणि त्यांच्याकडे मिळून जवळपास 50,000 मैल मार्ग. काही एकट्या कुटुंबाच्या, काही स्थानिक सरकारांच्या, तर कितीतरी जेनेसी अँड वायोमिंग किंवा वॉटको अशा मोठ्या समूहांच्या.

या छोट्या रेल्वेंपैकी बहुतेक जणी मोठ्यांनी टाकून दिलेल्या लाइनींवर उभ्या आहेत. पूर्व पेनसिल्व्हेनियाचा इतिहास तर पाठ्यपुस्तकात शोभावा असा. इथल्या डोंगरांत अँथ्रासाइट, म्हणजे कमी धुराचा कडक कोळसा. त्याच्या जिवावर रेडिंग, लीहाय व्हॅली, सेंट्रल ऑफ न्यू जर्सी अशा कंपन्या शेजारीशेजारी लाइनी टाकत गेल्या. पुढे घरं तेलावर आणि गॅसवर तापू लागली, कोळशाचं गिऱ्हाईक आटलं आणि 1967 ते 1971 या काळात या तिन्ही कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. 1 एप्रिल 1976 रोजी सरकारने त्यांचे अवशेष एकत्र करून कॉनरेल चालू केली. 1980 च्या स्टॅगर्स कायद्याने दर ठरवायला आणि नकोशा लाइनी विकायला मोकळीक दिली, आणि कॉनरेलने फांद्या छाटायला सुरुवात केली.

त्यातलीच एक फांदी म्हणजे हॅम्बर्ग ते टेम्पल ही 13 मैलांची लाइन. 1983 मध्ये अँडी म्युलर यांनी ती चालवायला घेतली. डिसेंबर 1990 मध्ये कॉनरेलकडून कोळसापट्ट्यातल्या लाइनींचा मोठा गठ्ठा मिळाला, 1996 मध्ये जुन्या लीहाय व्हॅलीचा उत्तरेकडचा मार्ग आला. एवढा वंशवृक्ष डोक्यात ठेवून नकाशा बघितला की त्यातली विचित्र वळणं आणि एकमेकींना समांतर धावणाऱ्या लाइनी आपोआप उलगडतात. त्या एकमेकींच्या वैरी कंपन्यांनी टाकल्या होत्या, त्यांची तोंडं जुळावीत असा कोणाचाच हेतू नव्हता. जिम थॉर्पजवळ तर रेडिंगकडून आलेल्या गाडीला उत्तरेला पिट्सटनकडे जायचं तर आधी उलटसुलट हालचाल करावी लागे. आता तिथे लीहाय नदीवर नवा पूल बांधून गाडी सरळ नेतात.

दुसरी पायरी: नकाशावर दोनच गोष्टी शोधा

एक म्हणजे इंटरचेंज, जिथे शॉर्टलाइन मोठ्या रेल्वेला भेटते. दुसरी म्हणजे गिऱ्हाइकाची सायडिंग. रेडिंग अँड नॉर्दर्नसाठी रेडिंग शहराच्या उत्तरेचं यार्ड हे नॉरफोक सदर्नशी देवाणघेवाणीचं एक मोठं ठिकाण. टोकाच्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हणजे मेहुपनी इथला प्रॉक्टर अँड गॅम्बलचा भला मोठा कागद आणि डायपरचा कारखाना. उपग्रहाच्या चित्रात कारखान्याच्या मागच्या अंगाला शिरणारा बारीक वाकडा रूळ दिसतो, ती सायडिंग. अशा दहाबारा सायडिंग शोधून वहीत मांडा. कुठल्या दिशेने फुटते तेही लिहा, त्याचं कारण पुढे येईलच.

इथे कुर्डुवाडी आठवते. 1897 मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेही मोठ्या रेल्वेला चिकटून चालणारी खासगी छोटी कंपनीच होती. पण तिचे रूळ अडीच फुटी. त्यामुळे मुख्य लाइनीवरून आलेला माल कुर्डुवाडीला उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात चढवायचा. अमेरिकेतल्या आजच्या शॉर्टलाइनचे रूळ मोठ्या रेल्वेच्याच मापाचे, 1435 मिलिमीटर. टेक्ससमध्ये भरलेली वाघीण, म्हणजे मालाचा डबा, सील न तोडता पेनसिल्व्हेनियातल्या गोदामाच्या दारात उभी राहते. हातबदल होतो तो कागदावर आणि इंजिनाचा. शॉर्टलाइनचा सगळा धंदा या एका सोयीवर चालतो.

तिसरी पायरी: वाघीण वाचायला शिका

नवखे इंजिनाचे फोटो काढतात. काढा, हरकत नाही. रेडिंग अँड नॉर्दर्नची हिरवी-पिवळी इंजिनं देखणी आहेतच, आणि 2102 क्रमांकाचं वाफेचं धूड निघालं की दहा गावांतली माणसं पुलांवर जमतात. पण माझं मत विचाराल तर इंजिन काम करतं आणि वाघीण बोलते.

प्रत्येक वाघिणीच्या डाव्या बाजूला दोन ते चार अक्षरं आणि एक आकडा असतो. अक्षरं मालकाची. शेवटचं अक्षर ‘एक्स’ असेल तर मालक रेल्वे नाही, भाड्याने डबे देणारी किंवा माल बनवणारी कंपनी आहे. यूटीएलएक्स, जीएटीएक्स ही नावं टँकरवर सतत दिसतील. आरबीएमएन, म्हणजे रेडिंग अँड नॉर्दर्न, दिसलं तर घरचा डबा. खाली बारीक अक्षरांत रिकाम्या वाघिणीचं वजन, कमाल भार आणि बांधणीचा महिना-वर्ष असतं.

मग आकार. झाकणवाले हॉपर, म्हणजे तळातून रिकामे होणारे डबे, सगळे सारखे वाटतात, पण खालच्या नाळक्यांकडे, म्हणजे माल सोडायच्या तोंडांकडे बघा. दोन नाळक्यांचा आखूड हॉपर म्हणजे जड माल, बहुधा सिमेंट किंवा वाळू. तीन नाळक्यांचा म्हणजे धान्य. चार नाळक्यांचा लांबलचक म्हणजे प्लास्टिकचे दाणे. कारण साधं आहे: सगळ्यांची वजनाची मर्यादा सारखीच, आधुनिक लाइनीवर वाघिणीसकट 2,86,000 पौंड, म्हणजे साधारण 130 टन. जड माल थोड्या जागेत ही मर्यादा गाठतो, हलक्या मालाला पोट मोठं लागतं. मधोमध उभी जाळीदार भिंत आणि दोन्ही अंगांना बांधलेली लाकडं, म्हणजे इमारती लाकडाची वाघीण. बंद दारांचा डबा असेल तर कागदाचा लगदा, कागदाची रिळं किंवा पेट्यांतला माल. उघड्या हॉपरमध्ये काळं चमकदार काही दिसलं तर ते अर्थातच अँथ्रासाइट. गिऱ्हाईक कमी झालं तरी संपलेलं नाही.

टँकरवर चौकोन उभा करून लावलेली पाटी असते आणि तिच्यात चार आकडे. 1075 म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा द्रव वायू, 1203 पेट्रोल, 1987 अल्कोहोल, 1005 अमोनिया. हे चार पाठ असले तरी सुरुवातीला पुरे.

चौथी पायरी: पैसा कसा फिरतो, तेवढं समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा म्हणून लोक सोडून देतात आणि मग ‘चार डब्यांसाठी इंजिन कशाला धाडलं?’ असा प्रश्न पडतो. गिऱ्हाईक बहुतेक वेळा मोठ्या रेल्वेला एकच बिल भरतं. शॉर्टलाइनला त्यातून दर वाघिणीमागे ठरलेली रक्कम मिळते. परक्या रेल्वेची वाघीण आपल्या रुळांवर उभी असेल तर तासांच्या हिशोबाने तिचं भाडं शॉर्टलाइनने द्यायचं. म्हणून वाघीण लवकर पोचवायची, लवकर रिकामी करून परत लावायची, ही घाई. गिऱ्हाइकाने ठरलेल्या मुदतीपलीकडे वाघीण अडवली की त्याच्याकडून विलंबशुल्क घेतात, ते वेगळंच. एका वाघिणीत तीन-चार ट्रकांचा माल मावतो. तेव्हा चार वाघिणी म्हणजे बारा ते सोळा ट्रक हायवेवरून कमी झाले.

खर्चाची बाजू रुळांवर दिसते. संघीय नियमांत रुळांच्या दर्जानुसार मालगाडीचा वेग बांधलेला आहे: पहिल्या दर्जाच्या रुळांवर ताशी 10 मैल, दुसऱ्यावर 25, तिसऱ्यावर 40. स्लीपर कुजलेले आणि खडीत गवत माजलेलं दिसलं, तर गाडी सायकलच्या वेगानेच येणार हे समजा. फाटकावर उभं राहून लांब लेन्समधून रुळाच्या कंबरेकडे बघा. तिथे उठावाची अक्षरं असतात: दर यार्डाचं वजन, पोलाद कारखान्याचं नाव, वर्ष आणि पुढे उभ्या रेघा. जितक्या रेघा तितकावा महिना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले रूळ आजही शॉर्टलाइनींवर वजन पेलताना सापडतात.

पाचवी पायरी: कधी जायचं

मालगाडीला छापील वेळापत्रक नसतं, हे मनाशी पक्कं करा. पण तऱ्हा असते. छोट्या शॉर्टलाइनचा आठवडा बहुधा सोमवार ते शुक्रवार, गिऱ्हाइकांचे दरवाजे उघडे असतात तेव्हाच. शनिवार-रविवारी गेलात तर पर्यटकांच्या गाड्या दिसतील आणि मालगाडी सायडिंगला झोपलेली. इंजिनचालक आणि कंडक्टर यांना कायद्याने सलग 12 तासांपेक्षा जास्त कामावर ठेवता येत नाही, आणि त्यानंतर 10 तास विश्रांती द्यावीच लागते. म्हणून सकाळी निघालेली गाडी संध्याकाळच्या आत परतते, किंवा वाटेत सोडून दिलेली सापडते.

रेडिंग अँड नॉर्दर्नवर लांब पल्ल्याची मुख्य मालगाडी नॉर्थ रेडिंग आणि पिट्सटनच्या दरम्यान धावते, आणि तिच्या आगेमागे स्थानिक शंटिंगच्या, म्हणजे डबे जोडण्या-काढण्याच्या, गाड्या आपापल्या पट्ट्यात फिरतात. नवख्याने स्थानिक गाडी धरावी. ती तासाला तीन मैल सरकेल, पण तुमच्या डोळ्यांसमोर सगळं काम करेल.

सहावी पायरी: कुठे उभं राहायचं

भारतात आपण रुळांवरून चालत शाळेत गेलेले असतो, ती सवय इथे विसरा. रूळ, खडी, बाजूची पायवाट हे सगळं खासगी आवार. शिरलात तर दंड होतो, आणि गाडी येताना आवाज ऐकू येईलच असंही नाही: मागून ढकलत आणलेल्या वाघिणींच्या पुढे इंजिनच नसतं. सार्वजनिक रस्ता, पूल, उद्यान, फलाट यांवरच थांबा. फाटकापाशीही रुळांपासून 25 फूट तरी मागे राहा. प्रत्येक फाटकावर एक छोटी निळी पाटी असते: रेल्वेचा तातडीचा फोन क्रमांक आणि त्या फाटकाचा सहा आकडे व एक अक्षराचा संकेतांक. तिचा फोटो आधी काढून ठेवा. रुळांवर एखादी मोटार अडकलेली दिसली तर 911 च्याही आधी तो क्रमांक लावायचा, कारण गाडी थांबवणारा माणूस त्या फोनवर आहे.

जागा सांगायच्या तर तीन. पोर्ट क्लिंटन हे कंपनीचं मुख्यालय, आणि गंमत म्हणजे अपलाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट इथे रुळांच्या अगदी लगत येते. टमाक्वामध्ये 1874 चं जुनं स्टेशन दुरुस्त करून उभं आहे आणि रूळ गावाच्या मुख्य रस्त्याला भर बाजारात छेदतात. एखादं हॉटेल पकडून खिडकीत बसलात तरी गाडी चुकणार नाही. तिसरी जागा लीहाय गॉर्ज स्टेट पार्क: जिम थॉर्पपासून व्हाइट हेवनपर्यंत नदीच्या दरीतून सायकलचा मार्ग जातो, तोही जुन्या रेल्वेच्या पायावर, आणि मालगाडी शेजारून जाते. मोबाइलला तिथे रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

सातवी पायरी: शंटिंग बघा, शेवटपर्यंत बघा

हाच खरा धडा. समजा, गाडीला गिऱ्हाइकाच्या सायडिंगमधल्या दोन रिकाम्या वाघिणी काढायच्या आहेत आणि दोन भरलेल्या लावायच्या आहेत. सायडिंगचा सांधा, म्हणजे मुख्य रुळांतून ती फुटते ती जागा, गाडीच्या मागच्या दिशेने फुटत असेल तर काम सोपं. गाडी सांधा ओलांडून पुढे जाते, थांबते, सांधा बदलतात आणि ती मागे येत वाघिणी आत ढकलते. सांधा पुढच्या दिशेने फुटत असेल तर पंचाईत: इंजिन पुढे, वाघिणी मागे, आत शिरलं तर इंजिनच कोंडणार. मग एक तर कुठेतरी दुहेरी लाइन गाठून इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणायचं, नाहीतर ते गिऱ्हाईक परतीच्या वाटेवर घ्यायचं, कारण परतताना तोच सांधा सोयीचा होतो. दुसऱ्या पायरीत सायडिंगची दिशा लिहायला सांगितली ती याचसाठी. वहीत दिशा असेल तर गाडी कुठलं गिऱ्हाईक जाताना घेणार आणि कुठलं येताना, हे तुम्ही घरी बसून सांगू शकता.

आता माणसाकडे बघा. कंडक्टर खाली उतरतो, पण लगेच सांध्याला हात लावत नाही. आधी सायडिंगमध्ये चालत जातो. वाघिणीला पाइप किंवा फळी जोडलेली नाही ना, दार उघडं नाही ना, कुठे निळा झेंडा लावलेला नाही ना. निळा झेंडा किंवा निळा दिवा याचा अर्थ आत माणसं काम करताहेत, आणि ज्यांनी लावला त्यांच्याशिवाय तो कोणी काढायचा नाही. मग रुळावर बसवलेला एक लोखंडी ठोकळा दिसेल, बहुधा पिवळा. तो डीरेल. सायडिंगमधली वाघीण चुकून घरंगळली तर मुख्य लाइनीवर जाण्याआधी तिला मुद्दाम रुळांवरून उतरवायची ती सोय. त्याचं कुलूप काढून तो बाजूला पाडतात, मग सांध्याचं कुलूप, मग दांडा उचलून पलीकडे. कंडक्टर वाकून सांध्याची जीभ रुळाला नीट चिकटली का ते बघतो. एवढं झाल्यावर रेडिओवर मोजणी: दहा डबे, पाच, तीन, दोन, एक, अर्धा. म्हणजे उभ्या वाघिणीला भिडायला किती डब्यांचं अंतर उरलं. चालक दिसत नसलेल्या टोकाकडे निव्वळ त्या आवाजावर गाडी नेत असतो. मोजणी मध्येच बंद पडली तर त्याने थांबलंच पाहिजे.

कपलिंग बसलं की लगेच निघत नाहीत. थोडं पुढे ओढून ताण देतात, पक्कं बसलंय याची खात्री. मग हवेचे पाइप जोडायचे, वाघिणीच्या टोकाचं मोठं चाक फिरवून हातब्रेक सोडायचा, रिकाम्या वाघिणी बाहेर काढायच्या, भरलेल्या आत लावायच्या, त्यांचा हातब्रेक आवळायचा, डीरेल परत चढवायचा, सांधा सरळ करायचा, कुलूप लावून ओढून बघायचं. दोन वाघिणींसाठी अर्धा-पाऊण तास सहज जातो. कंटाळून तुम्ही मध्येच निघालात तर नेमका हातब्रेक आणि कुलुपाचा भाग चुकतो, आणि अपघात व्हायचा तो तिथल्याच हलगर्जीपणातून होतो.

कान उघडे ठेवा

फाटकाआधीची शिट्टी ठरलेली असते: लांब, लांब, आखूड, लांब. फाटकावर पोचायच्या 15 ते 20 सेकंद आधी सुरू होते आणि इंजिन फाटक व्यापेपर्यंत चालते. रेल्वेचा रेडिओ 160-161 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो, साधा स्कॅनर पुरतो. मात्र काही राज्यांत चालत्या मोटारीत स्कॅनर ठेवण्यावर निर्बंध आहेत, आपल्या राज्याचा नियम बघून घ्या. ऐकलेलं कुठेही प्रसिद्ध करत सुटू नका.

काही व्यवहाराच्या गोष्टी

पेनसिल्व्हेनियाच्या गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो, म्हणून उन्हाळ्यातही पूर्ण पँट, मोजे वर ओढलेले. चमकदार नारिंगी जाकीट घालू नका: दुरून येणाऱ्या चालकाला रुळांवर कामगार आहेत असं वाटू शकतं. रात्री फ्लॅश मारू नका. कर्मचाऱ्याने हात केला तर हात करा, ‘इथून हला’ म्हणाला तर वाद न घालता हला, सार्वजनिक रस्त्यावर असलात तरीही.

घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर जिम थॉर्पला लीहाय गॉर्ज सीनिक रेल्वेचं तिकीट काढा. गाड्या याच रेल्वेच्या रुळांवरून दरीत जातात आणि वाटेत सायडिंगला उभ्या मालगाड्या अगदी जवळून दिसतात. पानं रंगतात तेव्हा, ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी, तिकिटं आधीच संपतात आणि अरुंद गल्ल्यांच्या त्या गावात गाडी लावायला जागा उरत नाही. मधल्या वारी जाता आलं तर मालगाडीही पदरात पडते.